एसएसबीआधी शरीर तयार करताना चुकणारा क्रम: मुंबईतल्या ऑफिसर उमेदवारांसाठी आठ पायऱ्या

एनडीए किंवा सीडीएसच्या, म्हणजे सैन्यदलात अधिकारी होण्यासाठीच्या, लेखी परीक्षेचा निकाल लागतो, यादीत रोल नंबर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा शिवाजी पार्कात हजर होतो. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर, तेही घरात पडून असलेले जुने बूट घालून. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. तिसऱ्या आठवड्यात तो कट्ट्यावर बसून नडगी चोळत असतो.

अशाच एका मुलाची नडगी मी अंगठ्याने चाचपून पाहिली होती. आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार बोटं, नाण्याएवढ्या एका जागी अंगठा टेकला आणि त्याने श्वासच रोखला. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं. त्याची एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची पाच दिवसांची निवड चाचणी) पाच आठवड्यांवर आली होती. मेहनतीत तो कुठेही कमी पडला नव्हता, फक्त जे शेवटी करायचं ते त्याने पहिल्या दिवशी केलं.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. सोळा आठवडे हाताशी आहेत असं धरून लिहिलं आहे. कॉल लेटरची वाट बघू नका. लेखी परीक्षा देऊन घरी आलात की दुसऱ्या दिवसापासून आठवडे मोजायला लागा, कारण निकाल आणि एसएसबी यांच्या मधला वेळ नेहमी वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

## आधी हे समजून घ्या: शरीराची परीक्षा नेमकी कुठे होते

आपल्याकडे पोलीस भरतीचं ग्राऊंड सगळ्यांना माहीत असतं. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. अग्निवीर भरतीतही १.६ किलोमीटरची धाव, बीम, नऊ फुटी खंदक. त्यामुळे घरचे, मित्र, गल्लीतले दादा सगळे एकच सांगतात: "सोळाशे मार, काम होईल." ऑफिसर एन्ट्रीत तसं नाही. पाच दिवसांच्या एसएसबीमध्ये धावण्याची पास-नापास परीक्षाच नसते.

इथे शरीर तीन ठिकाणी बघितलं जातं, आणि तिन्ही ठिकाणचं मागणं वेगळं आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे जीटीओ ग्राऊंड, म्हणजे ग्रुप टेस्टिंग ऑफिसर मैदानी कसोट्या घेतो ती जागा. तिथे वैयक्तिक अडथळे असतात: दहा अडथळे, तीन मिनिटं, प्रत्येकाला एक ते दहा गुण, सगळे मिळून ५५. उड्या, दोर, तोल आणि हाताची पकड यांचा हा खेळ आहे. शिवाय ग्रुप टास्कमध्ये फळ्या, बल्ली आणि वजन उचलून न्यायचं असतं, आणि हे सगळं करताना डोकं चालतं ठेवायचं असतं.

दुसरं ठिकाण मेडिकल. एसएसबीतून रिकमेंड झाल्यावर, म्हणजे निवडीची शिफारस मिळाल्यावर, लष्करी रुग्णालयात तपासणी होते. तिथे तुम्ही किती वेगाने धावता हे कोणी विचारत नाही. वजन, गुडघे, पाय, कान, नाक, डोळे, रक्तदाब, लघवी, रक्त हे सगळं बघतात.

तिसरं ठिकाण अकॅडमी. खरं धावणं, पोहणं, दोर चढणं तिथे सुरू होतं. यूपीएससीच्या एनडीए जाहिरातीतच उमेदवारांना सल्ला दिलेला असतो: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, दोरीच्या उड्या, जोर आणि सिटअप्स किमान २० - २०, चिनअप्स किमान ८ आणि तीन-चार मीटर दोर चढणं. आर्मीच्या टीईएस (टेक्निकल एन्ट्री स्कीम) सारख्या थेट प्रवेशांच्या अलीकडच्या जाहिरातींत मुलांसाठी हा आकडा बराच कडक आहे: २.४ किलोमीटर १० मिनिटं ३० सेकंदांत, ४० जोर, ६ पुलअप्स, ३० सिटअप्स, आणि पोहण्याची मूलभूत माहिती. मुलींसाठीचे निकष वेगळे असतात. तुमच्या एन्ट्रीच्या जाहिरातीतलं ते पान प्रिंट काढून भिंतीवर लावा. दुसऱ्याच्या एन्ट्रीचे आकडे धरून तयारी करू नका.

## पायरी १: धावण्याआधी अंग तपासून घ्या (पहिला आठवडा)

ही पायरी जवळपास सगळे जण गाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सोळा आठवडे घाम गाळून, एसएसबीत रिकमेंड होऊन, कानातल्या मळासाठी किंवा चार किलो जास्त वजनासाठी 'टेम्पररी अनफिट' लागणं फार जिव्हारी लागतं. एनडीएच्या जाहिरातीत किरकोळ दोष आधीच दुरुस्त करून घ्या म्हणून यादी दिलेली असते: कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, हायड्रोसील (अंडकोषात पाणी साचणं), जास्त किंवा कमी वजन, कमी छाती, मूळव्याध, मुलांमधली छातीची गाठ, टॉन्सिल्स, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं). यातल्या काहींना छोटी शस्त्रक्रिया लागते आणि त्यानंतर भरून यायला आठवडे जातात. म्हणून हे आधी.

घरी करायच्या चार तपासण्या:

गुडघे. अनवाणी सरळ उभं राहा, गुडघे एकमेकांना हलके टेकवा आणि दोन्ही घोट्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मांड्या जाड असल्या तरी अंतर जास्त दिसतं. अशा वेळी वजन उतरल्यावर पुन्हा मोजा.

तळपाय. पाय ओला करून लादीवर ठेवा आणि उचला. आतल्या बाजूची कमान उमटली नाही, सगळा तळवा भरून आला, तर घाबरून जाऊ नका. आता चवड्यांवर उभं राहा आणि कोणाला तरी मागून बघायला सांगा. चवड्यांवर कमान परत दिसत असेल, पाय लवचीक असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर नीट धावता येत असेल तर तो सपाट पाय सहसा अडत नाही. चवड्यांवरही कमान येत नसेल तर लगेच डॉक्टर.

वजन. जाहिरातीच्या शेवटी वय आणि उंचीप्रमाणे वजनाचा तक्ता असतो. तुमची ओळ शोधा. जास्त असेल तर आठवड्याला अर्धा किलो या हिशोबाने किती आठवडे लागतील ते आत्ताच लिहून ठेवा.

छाती. पूर्ण श्वास सोडून टेपने मोजा, मग पूर्ण भरून मोजा. फरक किमान पाच सेंटिमीटर यायला हवा. बहुतेकांना तो येतोच, फक्त टेप लावल्यावर श्वास कसा भरायचा हे सुचत नाही. सरावाने जमतं.

यानंतर एकदा फॅमिली डॉक्टरकडे रक्तदाब, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे कान आणि नाक, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर आणि रंगदृष्टी, आणि दातांच्या डॉक्टरकडे एक फेरी. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्सचे डोळ्यांचे निकष वेगवेगळे आहेत. शाखांचा पसंतीक्रम भरण्याआधी हे कळलेलं बरं.

सावध: कानात पिन, काडी, कापूस काही घालू नका. पडद्याला इजा झाली तर किरकोळ दोषाचा मोठा दोष होतो. आणि टॅटूचा विचार डोक्यात असेल तर तो आत्ता सोडून द्या. कुठे चालतो आणि कुठे नाही याचे नियम कडक आहेत.

## पायरी २: जागा, बूट आणि वेळ ठरवा

मुंबईत धावायला जागा आहे, पण पायाखाली काय आहे हे बघून ती निवडायला हवी.

मरिन ड्राइव्ह आणि वरळी सी फेस दिसायला सुंदर, पण तळ कडक आहे. रोज तिथेच धावलात तर नडगी बोलायला लागते. आठवड्यातून एकदा, लांब आणि सावकाश धावायला ठीक. शिवाजी पार्क, ओव्हल, आझाद मैदान किंवा तुमच्या जवळचं कुठलंही मातीचं मैदान सुरुवातीला सगळ्यात चांगलं. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यान आहेच, चढ-उतारासकट. वेळ लावून धावायचं तेव्हा ट्रॅक लागतो. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कात किंवा विद्यापीठाच्या मैदानात विचारून बघा. जुहूच्या वाळूत धावायचं असेल तर ओहोटीची वेळ बघून जा, पाण्याजवळची घट्ट वाळू धरा, आणि जाताना-येताना सारखंच अंतर धावा. किनारा एका बाजूला उतरता असतो. एकाच दिशेने धावलं की एका पायावर सगळा ताण येतो.

बूट दोन जोड हवेत. एक धावण्याचा, गादी असलेला. दुसरा पांढरा कॅनव्हासचा पीटी शूज, जो एसएसबीत जीटीओ ग्राऊंडवर घालायचा असतो. हा दुसरा जोड लोक निघायच्या आदल्या दिवशी विकत घेतात. त्याचा तळ पातळ असतो. चार महिने गादीच्या बुटात उड्या मारल्या आणि पहिल्यांदा पीटी शूज घालून उंचावरून उडी मारली की टाच झणझणते. तो आत्ताच घ्या. कधी वापरायचा ते पुढे सांगतो.

वेळेबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. विरार, डोंबिवली, बदलापूरहून कॉलेजला किंवा कामाला येणारी मुलं साडेचारला उठून धावतात, मग लोकलला लटकतात, रात्री साडेअकराला झोपतात. पाच तासांच्या झोपेवर व्यायाम अंगी लागत नाही, दुखापत मात्र लागते. सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी घरी परतल्यावर करा. आठवड्यात चार दिवस नीट झोपून केलेला व्यायाम सात दिवसांच्या जागरणापेक्षा खूप जास्त देतो.

## पायरी ३: पाया, आठवडे १ ते ४

या चार आठवड्यांत वेग बघायचाच नाही. घड्याळ फक्त किती मिनिटं झाली हे सांगायला. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत सुधारतात, पण हाडं आणि स्नायूबंध मागून सावकाश येतात. दम लागत नाही म्हणून अंतर वाढवायचं आणि नडगी मोडून घ्यायची, ही चूक इथे होते.

आठवड्यात चार दिवस, एक दिवसाआड धरून:

1. पहिला आठवडा: ५ मिनिटं चालणं, मग २ मिनिटं सावकाश धावणं आणि १ मिनिट चालणं, असे ८ फेरे.
2. दुसरा आठवडा: ४ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं, ६ फेरे.
3. तिसरा आठवडा: ८ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं, ३ फेरे.
4. चौथा आठवडा: सलग २५ मिनिटं, सावकाश.

सावकाश म्हणजे किती? शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही", "थांब" एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं आणि त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. पुण्याला किंवा नाशिकला राहणाऱ्या मित्राच्या वेळेशी आपली वेळ ताडून बघू नका. ऑक्टोबर हीटमध्ये तर सातच्या आत धावणं उरकलेलं बरं.

पावसाळ्यात मैदानं चिखलाची होतात. तेव्हा इमारतीचा जिना वापरा: वर चढताना जोर लावून, उतरताना एकेक पायरी सावकाश, कठडा धरून. साचलेल्या पाण्यातून धावू नका, विशेषतः पायाला खरचटलेलं असेल तर. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती खरी आहे.

तपासा: चौथ्या आठवड्याच्या शेवटी नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्यापासून वर फिरवा. लांबवर पसरलेलं हलकं दुखणं असेल तर चार दिवस सायकल किंवा पोहणं करा आणि मातीवर परत या. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं तिथल्या तिथे थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. बाम लावून धावत राहू नका.

## पायरी ४: जोर, बैठका आणि बार (पहिल्या आठवड्यापासून सोबत)

धावण्याच्या मधल्या दिवशी, आठवड्यातून तीनदा. जिमची गरज नाही. महापालिकेच्या बहुतेक उद्यानांत आता बार आहेत.

जोर. छाती जमिनीपासून मूठभर अंतरापर्यंत खाली, कंबर सरळ. कंबर आधी खाली गेली की तो जोर धरायचा नाही. नीट आठ जोर येत असतील तर पाच-पाचचे पाच डाव करा आणि दर आठवड्याला प्रत्येक डावात एक वाढवा. एकही येत नसेल तर कट्ट्यावर हात ठेवून तिरके जोर मारा आणि मग पायरी-पायरीने खाली या.

बैठका. टाच जमिनीवर, गुडघे आत न वळवता. तीस सलग नीट यायला लागल्या की एका पायाने पुढे झुकत जाणाऱ्या लंजेस सुरू करा.

पुलअप्स. बहुतेकांची, मुलामुलींची दोघांचीही, अडचण इथे असते. एकही येत नाही म्हणून बार सोडून देतात. तसं करू नका. आधी नुसतं लटका: २० सेकंद, मग ३०, मग ४५. त्यानंतर उडी मारून हनुवटी बारच्या वर न्या आणि पाच मोजत खाली या. असे तीन-तीनचे चार डाव. चार-पाच आठवड्यांत पहिला पुलअप येतो. लटकण्याने पकड तयार होते, आणि अडथळ्यांच्या दिवशी तीच सगळ्यात जास्त लागते.

सावध: जिममधला कोणी 'लवकर बॉडी बनते' म्हणून गोळी, इंजेक्शन किंवा लेबल नसलेली पावडर देत असेल तर हातही लावू नका. स्टेरॉइडमुळे मुलांच्या छातीत गाठ येऊ शकते, रक्तदाब वाढतो, यकृताचे आकडे बिघडतात. या तिन्ही गोष्टी मेडिकलमध्ये दिसतात. अंगात दंड कमी असल्याने कोणाची निवड गेलेली मी पाहिलेली नाही.

## खाणं, थोडक्यात

घरचं जेवण पुरतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, डाळ, दही, अंडी. मासे खात असाल तर बांगडा स्वस्त आणि उत्तम. धावण्याआधी केळं किंवा शेंगदाणा-गूळ, नंतर अर्ध्या तासात पोटभर नाश्ता. स्टेशनवरचा वडापाव एखाद्या दिवशी खाल्लात तर बिघडत नाही, पण रोजचं जेवण तो होऊ नये. घाम जास्त जातो म्हणून लिंबू सरबत किंवा कोकम सरबत, चिमूटभर मीठ घालून. वजन उतरवायचं असेल तर ताटातला भात आणि साखरेचा चहा कमी करा. उपाशी राहून आठवड्यात तीन किलो उतरवलेलं वजन एसएसबीच्या पाच दिवसांत चेहऱ्यावर दिसतं.

## पायरी ५: वेग, आठवडे ५ ते १०

आता घड्याळ बाहेर काढा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर २.४ किलोमीटर म्हणजे सहा फेऱ्या. १५ मिनिटांसाठी दर फेरी २ मिनिटं ३० सेकंद. साडेदहा मिनिटांसाठी दर फेरी १ मिनिट ४५ सेकंद. हे दोन आकडे पाठ करा.

आठवड्यात तीनच धावण्याचे दिवस:

1. एक दिवस लांब आणि सावकाश, ५ ते ६ किलोमीटर.
2. एक दिवस ४०० मीटरचे सहा तुकडे, तुमच्या लक्ष्याच्या फेरीइतक्याच वेगाने, मधे दीड मिनिट चालणं.
3. एक दिवस १.२ किलोमीटरचे दोन तुकडे, थोडे जोरात, मधे चार मिनिटं विश्रांती.

पूर्ण २.४ ची वेळ दोन आठवड्यांतून एकदाच लावा. रोज 'टाइम लावणं' ही शिवाजी पार्कातली सगळ्यात जुनी खोड आहे. त्याने दर दिवशी अंग पिळून निघतं आणि वेळ तिथेच अडकते.

चूक: पहिली फेरी जोशात १ मिनिट २५ ला काढणं. तिसऱ्या फेरीत छाती भरते आणि शेवटच्या दोन फेऱ्या ओढत न्याव्या लागतात. पहिली फेरी ठरलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन सेकंद हळूच धावा.

पोहण्याची नोंदणीही याच काळात करा. दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावासारख्या पालिकेच्या तलावांत जागा लवकर भरतात, त्यामुळे नोंदणी निघाली की लगेच अर्ज करा. ज्याला पाण्याची भीती आहे त्याने हे पुढे ढकलू नये. अकॅडमीत पोहणं टळत नाही.

## पायरी ६: दोर, उडी आणि तोल, आठवडे ११ ते १४

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण एसएसबीत तुमचं शरीर खरोखर दिसतं ते इथेच. धावणं आता आठवड्यातून दोनदा, फक्त टिकवण्यापुरतं.

अडथळे प्रत्येक केंद्रावर थोडे वेगळे असतात, पण जात तीच: उतरत्या फळीवरून उडी, दोन उंचीच्या ओट्यांवरून उडी, पिंपावरून झेप, अरुंद फळीवर चालणं, दोराला लटकून पलीकडे जाणं, आडव्या दोरावरून सरपटणं, दोन हातदोर आणि एक पायदोर असलेला बर्मा ब्रिज, उंचावरून झेप घेऊन दोर पकडणं.

दोर. मुंबईकरांच्या हाताशी मल्लखांब आहे, हे आपलं भाग्य. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात आणि इतर अनेक व्यायामशाळांत दोरीचा मल्लखांब शिकवतात. महिनाभर तिथे गेलात तर दोराची भीती कायमची जाते. फक्त एक फरक लक्षात ठेवा. मल्लखांबाची दोरी बारीक असते आणि ती अनवाणी पायाच्या अंगठ्यात धरायची असते. एसएसबीचा दोर जाड असतो आणि पायात बूट असतो. तिथे एका पायाच्या वरून दोर घेऊन दुसऱ्या पायाने दाबायचा, गुडघे छातीशी ओढायचे, पाय घट्ट करायचे आणि मगच हात वर सरकवायचे. नुसत्या हातांनी चढणारा मुलगा हात तिसऱ्यांदा वर सरकवेपर्यंत दमतो. उतरताना घसरू नका. तळहात भाजतात आणि पुढचे सगळे अडथळे त्याच हातांनी करायचे असतात.

उडी. आधी उतरणं शिका. दोन फूट उंचीच्या कट्ट्यावरून मातीत उडी: चवडे आधी, मग टाच, गुडघे वाकलेले आणि एकमेकांपासून थोडे लांब, नजर समोर. आवाज 'धप्प' आला तर चुकलं, हलका आला तर जमलं. दहा दिवसांनी तीन फूट. त्याहून उंच सराव स्वतःच्या मनाने करू नका. या उड्या पीटी शूज घालूनच मारायच्या, आणि त्यासाठीच तो जोड आधी घ्यायला सांगितला होता.

तोल. मैदानाच्या कडेच्या अरुंद कठड्यावर चाला, नजर पायाकडे न ठेवता दहा पावलं पुढे. सुरुवातीला कठडा वीतभरच उंच असावा. उंचीची भीती असेल तर ती एका दिवसात जात नाही, रोज थोडी थोडी घालवावी लागते.

डोकं आणि दम एकत्र. हा सराव कोणी करत नाही आणि म्हणूनच मी आग्रहाने करून घेतो. ४०० मीटर जोरात धावा, थांबल्या थांबल्या मित्राने एक विषय सांगावा, तीन मिनिटं विचार, तीन मिनिटं बोलणं, उभ्याने, आवाज चढवून. एसएसबीतलं लेक्चरेट, म्हणजे दिलेल्या विषयावरचं छोटं भाषण, असंच तीन मिनिटांचं असतं. पहिल्या दिवशी मुलं धापा टाकत अडखळतात. दोन आठवड्यांनी श्वास लवकर बसतो आणि शब्द सापडतात. ग्रुप टास्कमध्ये फळी खांद्यावर असताना सोबत्याला सूचना द्यायची तेव्हा हेच कामाला येतं.

तपासा: मैदानात दहा थांबे आखा: कट्टा, बार, उडी, कठडा, लटकणं, जे मिळेल ते. प्रत्येकाला गुण द्या आणि तीन मिनिटं लावा. किती झाले हे लिहाच, पण कोणत्या क्रमाने गेलात हेही लिहा. जवळचे आणि हमखास येणारे आधी, वेळ खाणारा एक शेवटी. एका अडथळ्यावर अडून बसू नका, पुढचा घ्या.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात शासनाचा मोफत एसएसबी अभ्यासक्रम असतो, राहणं-जेवणासकट. पात्रता आणि तारखा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळतात. तुम्ही निकषात बसत असाल तर तिथे जरूर जा, खरे अडथळे हाताला लागतात.

## पायरी ७: शेवटचे दोन आठवडे

आता मेहनत कमी करायची. मुलांना हे पटत नाही. पंधराव्या आठवड्यात व्यायाम निम्मा, सोळाव्यात पाव. शेवटची जोराची धाव निघण्याच्या सात दिवस आधी. शेवटचे तीन दिवस फक्त चालणं आणि अंग मोकळं करणं. नवीन काही शिकू नका. तळहातांवर घट्टे असतील तर ते कापू किंवा सोलू नका. नखं मात्र कापा, अंगठी आणि कडं घरी ठेवा.

भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज, कपूरथळा कुठेही बोलावलं तरी प्रवास लांबचा आहे. आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करता येत असेल तर करा. गाडीत दर दोन तासांनी उठून डब्यातून एक फेरी मारा, घरचा डबा न्या, रस्त्यातलं पाणी पिऊ नका. रोज किती वाजता उठावं लागेल याचा अंदाज घेऊन आठवडाभर आधीपासून त्याच वेळी उठायला लागा.

सावध: घोटा मुरगळलेला असेल तर पट्टी बांधून लपवून अडथळ्यांवर जाऊ नका. तिथल्या अधिकाऱ्याला स्पष्ट सांगा. लपवलेली दुखापत उडी मारताना उघड होते आणि मग ती तुमच्यापुरती राहत नाही, ग्रुपही अडकतो.

## पायरी ८: रिकमेंड झाल्यावर, मेडिकलच्या आधी

आनंदात दुसऱ्याच दिवशी दहा किलोमीटर धावणारे मी पाहिले आहेत. मेडिकलच्या आधीचे दोन दिवस जोराचा व्यायाम पूर्ण बंद ठेवा. कडक व्यायामानंतर लघवीत तात्पुरती प्रथिनं येऊ शकतात आणि रक्तातले काही आकडे चढतात. शरीर ठणठणीत असूनही अहवालात शेरा लागतो आणि पुन्हा तपासणीची धावपळ होते. पाणी नेहमीसारखं प्या. आदल्या रात्री झोप पूर्ण घ्या, कारण जागरण आणि कडक चहा-कॉफीने रक्तदाब वर जातो. रक्तदाब मोजायच्या पट्ट्यात हात घातला की हात सैल सोडा, बोलू नका, श्वास सावकाश सोडत राहा.

अनफिट लागलं तर तिथेच कागद नीट वाचा: तात्पुरतं की कायमचं, कारण कोणत्या शब्दांत लिहिलं आहे, अपील मेडिकल बोर्डाची मुदत किती. न समजलेला शब्द बोर्डासमोरच विचारा. मुंबईत परतलात की त्याच आठवड्यात त्या विषयाच्या तज्ज्ञाला तो कागद दाखवा. वजन असेल तर ही यादी परत पायरी १ पासून सुरू करा, कान-नाक असेल तर उपचाराची तारीख घ्या, आणि अपीलाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून घरच्यांनाही सांगून ठेवा.

फिट लागलं तर मेरिट लिस्ट आणि जॉइनिंगपर्यंत आठवड्याला तीन दिवस धावणं, दोन दिवस पोहणं, आणि रोज बारला एकदा लटकणं.